मिलिंद पेंटर आणि सरकारी शब्द

मिलिंद पेंटरला कुणी मजकुराचा कागद दिला की तो आधी तीनदा मोठ्यानं वाचायचा. मग एकेका शब्दावर बोट ठेवून गिऱ्हाइकाला विचारायचा, "ह्याचा अर्थ काय?" गिऱ्हाईक वैतागायचं. अरे बाबा, तू रंगव, तुला अर्थाशी काय करायचंय? असं म्हटलं की हा ब्रश डब्यात टाकून खाली बसायचा आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळायला घ्यायचा. "ज्याचा अर्थ मले मालूम नाही तो शब्द मी लिहीत नसतो. भितीवर दहा वर्सं राह्यते तो. मी रोज तिथून जातो. अनोळखी मानूस घरात ठेवल्यावानी वाटते."

शेलूबाजारातल्या एका कृषी केंद्राची पाटी 'एकात्मिक' या एका शब्दावर अडीच तास अडून राहिली होती. मालकाला अर्थ सांगता येईना. त्यानं ओळखीच्या कृषी सहायकाला फोन लावला, त्यालाही धड सांगता येईना. शेवटी कुणीतरी म्हणालं, "सगळं मिळून करायचं, असं काहीतरी." तेव्हा हा उठला आणि म्हणाला, "मंग 'सगळं मिळून' असंच लिहा नं. कास्तकाराले समजन तरी." मालक म्हणाला, "हा पेंटर हाय का मास्तर हाय बे?" पण पाटी त्यानं मिलिंदकडूनच करून घेतली. त्याच्यासारखं अक्षर आमच्या भागात दुसऱ्या कुणाचं नव्हतं, आणि हे मी सांगतोय, ज्याचा धंदा त्याच्या धंद्याच्या विरोधात होता.

माझं मंगरूळपीरला बसस्टँडजवळ झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान आहे. फ्लेक्स आलं आणि पेंटर लोकांची हातची कामं गेली. बाकीचे पेंटर माझ्या दुकानासमोरून जाताना तोंड फिरवायचे. मिलिंद मात्र सरळ आत यायचा, माझ्याच खुर्चीवर बसायचा आणि म्हणायचा, "काय परकास शेठ, आज किती बोर्ड मारले माहे?" मी आकडा सांगायचो. तो मान हलवायचा. "मारा, मारा. तुमचं फ्लेक्स दोन उन्हाळ्यात फाटते. भित कुठी जाते?"

दर्ग्याजवळच्या एका चादर-फुलांच्या दुकानाची पाटी उर्दूत करायची होती. दुकानदार चाचांनी कागदावर लिहून दिलं होतं, नुसती नक्कल करायची होती. हा त्यांच्याजवळ तीन संध्याकाळी जाऊन बसला, कोणतं अक्षर कसं बोलतात ते शिकला आणि मगच पाटीला हात लावला. "नक्कल अक्षराची होते शेठ, शब्दाची नाही होत." मी मागे चाचांना नवीन एलईडीची पाटी करून देतो म्हणालो, तर त्यांनी मला हाकलून लावलं.

दिसायला बारीक, बुटका. अर्ध्या बाहीचा शर्ट, वरच्या बटणापर्यंत बंद, मे महिन्यातसुद्धा. पँटीला इस्त्रीची घडी, आणि त्या घडीवर रंगाचे थेंब. मिशी नव्हती. आवाज बारीक होता. फाट्यावर कुणीतरी कधीतरी बोललं असेल की पेंटरचा आवाज बायकी आहे, पण बारीक आवाजाची माणसं गावोगाव असतात, लोक दोन दिवस हसतात आणि विसरतात. राहायला तो शेलूबाजारला होता, फाट्याच्या मागच्या गल्लीत एका खोलीत, एकटाच. तिथून काळी-पिवळी जीपनं मंगरूळपीरला यायचा. त्या भागातल्या निम्म्या जीपांची नावं त्यानंच रंगवलेली होती, आणि प्रत्येकीच्या मागे उजव्या कोपऱ्यात, नखाएवढ्या अक्षरात, 'मिलिंद' अशी सही.

दुपारी तो काम अर्धं टाकून खोलीवर निघून जायचा. तास-दीड तासानं परत. लोकांनी त्याचा अर्थ असा लावला की पेंटरला शुगर आहे, वारंवार जावं लागतं, चारचौघांत कुठे जाणार. मिलिंदनं ती अफवा तशीच राहू दिली. एवढंच नाही, ती टिकावी म्हणून तो शेलूबाजारात आयुष्यभर बिनसाखरेचा चहा प्याला. माझ्या दुकानात आला की तीन चमचे साखर घालून घ्यायचा आणि म्हणायचा, "तुह्या इथं माही शुगर नॉर्मल राह्यते."

खरी गोष्ट मला झेरॉक्स मशीनमुळे कळली. सोळा-सतरा वर्षं झाली असतील. तो एक घडी केलेला कागद घेऊन आला. "एक कॉपी पाह्यजे. पन तू पाहू नको. मी सोता उलटा टाकतो काचेवर." मी म्हणालो, टाक बाबा. त्यानं कागद काचेवर पालथा ठेवला, वरून झाकण दाबून धरलं आणि मला बटण दाबायला सांगितलं. त्या गड्याच्या लक्षातच आलं नाही की कॉपी बाजूनं निघते आणि सरळ निघते. ट्रेमध्ये माझ्या डोळ्यांसमोर शाळा सोडल्याचा दाखला येऊन पडला. रिठदची शाळा, वडिलांचं नाव, आडनाव मिलिंदचंच. आणि नाव एका मुलीचं.

ते नाव मी इथे लिहिणार नाही.

तो माझ्याकडे पाहत उभा राहिला. "पाह्यलं?"

"पाहिलं."

"मंग?"

मी काही मोठा समजूतदार वगैरे नव्हतो. दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला विचारतो तेच मी विचारलं, "एक पुरते की दोन काढू?"

तो खाली बसला. मग म्हणाला, "दोन काढ." त्या दिवसापासून तो रोज यायला लागला.

त्यानं स्वतःबद्दल फार काही सांगितलं नाही. तुकड्या-तुकड्यांनी जे आलं ते एवढंच. एकोणीस वर्षांचा असताना घरी पाहुणे पाहायला आले होते. "चहाचा ट्रे ठेवला त्यायच्या समोर, अन् मांगच्या दारानं निंगालो. माह्या भावाची पँट वाळत होती दोरीवर, ते घेतली." वाशीमला एका म्हाताऱ्या बोर्डवाल्या उस्तादाकडे राहिला, रंग कालवायला शिकला. उस्तादानं काही विचारलं नाही. तिथेच त्यानं मिलिंद हे नाव घेतलं. लहानपणी विहारात ऐकलेल्या गोष्टींमधल्या एका राजाचं नाव होतं. प्रश्न विचारणारा राजा. ते त्याला आवडलं होतं. भाऊ सिद्धार्थ पुढे कित्येक वर्षं बोलला नाही. आई मात्र बोलत होती. महिन्यातून एकदा एसटीनं शेलूबाजारला यायची, भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन. फाट्यावर कुणी विचारलं तर सांगायची, "लेकाकडे आली."

शेलूबाजारात, मंगरूळपिरात हे मला सोडून कुणालाच माहीत नव्हतं. आणि ते तसंच राहायला पाहिजे होतं. मिलिंदला दुसरं काही नको होतं. घर नको, शेत नको. सकाळी फाट्यावर कुणी "काय पेंटर" म्हटलं आणि ह्यानं "काय बे" म्हटलं, की त्याचा दिवस सार्थकी लागला. एवढं साधं होतं ते. त्याच्यासाठी त्यानं इतकी वर्षं फिका चहा प्याला होता.

आता तो शब्द कसा आला ते सांगतो.

तीनेक वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयाच्या कंपाउंडची भिंत रंगवायचं काम त्याला मिळालं. तसली कामं अजून पेंटरकडेच येतात. मुली वाचवा, पाणी अडवा, शौचालय बांधा. नवीन लागलेला एक कर्मचारी मोबाइलवर घोषणांची यादी घेऊन उभा होता. यादीत एक ओळ होती, 'तृतीयपंथी व पारलिंगी व्यक्तींना सन्मानाने वागवा.' मिलिंदनं नेहमीप्रमाणे तीनदा वाचली आणि विचारलं, "हे पारलिंगी म्हंजे काय?"

कर्मचारी म्हणाला, "तृतीयपंथी म्हणजे ते बाजारात टाळ्या वाजवत येतात ते. दुसरं काय मलापण माहीत नाही. वरून आलंय. लिहा तुम्ही."

"वरून कोनी बी धाडो. अर्थ काय?"

कर्मचाऱ्यानं हात जोडले. मिलिंद निळ्या रंगाचा ब्रश हातात घेऊन तसाच माझ्या दुकानात आला. दारापासून खुर्चीपर्यंत फरशीवर निळे थेंब. "शेठ, हा शब्द पाह्य जरा."

मला काय ठाऊक? मी कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या एका सरांना फोन लावला, त्यांच्या नोट्स माझ्याकडे छापायला असतात. स्पीकर चालू केला. सरांना कुणी असं काही विचारत नसावं, ते खूश झाले. त्यांनी मुळापासून सुरुवात केली. म्हणाले, हिजडा हा शब्द आपल्याकडे हिंदी-उर्दूतून आला. काही लोक त्याचा संबंध आपलं कूळ, आपली माणसं सोडून जाण्याशी लावतात, पण छातीठोकपणे सांगता येत नाही. आपण तर त्याची शिवीच करून टाकली. मग वर्तमानपत्रांना आणि सरकारला बरा शब्द पाहिजे होता, तर तृतीयपंथी आला. तिसऱ्या वाटेनं जाणारे. पहिली वाट कोणती आणि दुसरी कोणती ते मात्र कुणी सांगत नाही, असं म्हणून सर स्वतःच हसले. आणि पारलिंगी हा अगदी अलीकडचा. इंग्रजी शब्दासाठी कुणीतरी मुद्दाम बसून केलेला. पार म्हणजे पलीकडे. जन्माच्या वेळी कागदावर एक लिहिलं गेलं आणि माणूस असतो दुसरा, त्याच्यासाठी. सर म्हणाले, "सगळेच काही टाळ्या वाजवत येत नाहीत हो. समजा जन्माला मुलगी म्हणून नोंद झाली आणि तो आहे पुरुष, तर तो पारलिंगी पुरुष. असेही असतात. आपल्याला ओळखूही येत नाहीत."

मी फोन ठेवला. मिलिंदच्या पँटीवर ब्रश गळत होता, त्याचं लक्ष नव्हतं.

"परकास," तो म्हणाला. शेठ म्हणाला नाही. "शब्द का एका मानसासाठी कोनी करते काय? शब्द केला म्हंजे दहा-वीस तरी असतीन."

"जास्त असतील."

"जास्त असतीन," तो म्हणाला. "अन् मले वाटे मीच एक येडा हाव." मग म्हणाला, "पन सर चुकले. पार गेला म्हंतेत. मी कुठी गेलो? मी तं अथीच होतो पयल्यापासून. तुमी लोकं नदीच्या भलत्याच काठावर पाहून राह्यले होते मले."

तो एक शब्द लिहायला त्यानं दोन दिवस लावले. कर्मचारी येऊन ओरडून गेला. बाकीची सगळी भिंत निळ्यात आणि काळ्यात आहे, त्या एका शब्दाला त्यानं बाजूनं पिवळी किनार दिली. मी पाहायला गेलो होतो. तो शिडीवर उभा होता, खालून दोन पोरी शाळेत जात होत्या, त्यांनी वाचायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. तो वरून त्यांना हसून म्हणाला, "जमन, जमन. नवीन हाय तो."

इथवर सगळं चांगलं होतं. पुढे जे झालं त्यात माझा शहाणपणा आहे.

माझ्या डोक्यात तो शब्द बसला. मी मोबाइलवर वाचू लागलो. कळलं की सरकार ओळखपत्र देतं, प्रमाणपत्र देतं, त्यावरून आधार बदलता येतं, नाव बदलता येतं. मी त्याला म्हणालो, अर्ज मी भरतो, तू फक्त सही कर. तो म्हणाला, "त्या कार्डावर काय लिहून येईन?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मंग ते दाखवू कोनाले? दाखवलं का सपलं. आज मले बिनकार्डाचं मिलिंद म्हंतेत. कार्ड दाखवून मिलिंद व्हायचं, तं मंग हे इतके वर्सं मी कोन होतो?"

मी म्हणालो, "लपून किती दिवस राहशील? शब्द मिळाला ना आता? अभिमान पाहिजे माणसाला."

"मी लपून नाही राह्यलो बे. मी राहून राह्यलो."

मी त्याला भित्रा म्हणालो. असा शब्द वापरला मी. तो उठून गेला आणि आठ दिवस आला नाही. नवव्या दिवशी आला, माझ्या खुर्चीवर बसला, "किती बोर्ड मारले?" म्हणाला. मी आकडा सांगितला. त्या विषयावर पुन्हा आम्ही बोललो नाही. मला वाटलं, विषय संपला. विषय माझ्या डोक्यात संपला नव्हता.

तो गेल्या मे महिन्यात गेला. एका कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या भिंतीवर काम चालू होतं, दुपारचं ऊन होतं. शिडीवरून खाली उतरला, सावलीला बसला, वॉचमनकडे पाणी मागितलं. वॉचमन पाणी घेऊन आला तेव्हा तो गेलेला होता. एवढंच. सेहेचाळीस वर्षांचा होता.

मला फोन आला तेव्हा मी कुणाच्या तरी वाढदिवसाचं बॅनर छापत होतो. मी मशीन बंद केलं नाही. बॅनर पूर्ण निघू दिलं, कापलं, गुंडाळलं, गिऱ्हाइकाला दिलं आणि मग निघालो. मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. बायको म्हणते, तुम्हाला झालंय काय? मी म्हणतो, काही नाही. जेवतो, दुकानात जातो, मशीन चालू करतो. आतून काही येत नाही, एवढंच. बधिरलंय सगळं.

सिद्धार्थनं त्याला गावी, रिठदला नेलं. मीही गेलो. घरी बायका जमल्या होत्या. त्यांतली एक जुनेर लुगडं घेऊन पुढे आली, तर त्याची माय म्हणाली, "सरका." तिनं कुणाला जवळ येऊ दिलं नाही. दार लावून घेतलं आणि पंचाहत्तरीच्या त्या बाईनं एकटीनं त्याला आंघोळ घातली, पांढरा सदरा-पायजमा घातला, वरच्या बटणापर्यंत बंद केला. मग दार उघडून म्हणाली, "न्या माह्या लेकाले." पंचशील झालं आणि सगळे निघाले.

तिथेच मला कळायला पाहिजे होतं. तिनं जे केलं त्याला शब्द लागला नव्हता.

दोन दिवसांनी सिद्धार्थ माझ्या दुकानात आला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचं बॅनर करायचं होतं. दोन प्रती, एक रिठदच्या विहाराजवळ लावायला, एक शेलूबाजार फाट्यावर, कारण सगळी ओळख तिकडे. त्यानं खिशातून कागद काढला. वर 'कालकथित' आणि खाली ते दाखल्यावरचं नाव. मी म्हणालो, हे नाव मी छापणार नाही. तो माणूस वाईट नाही, हे सांगायला पाहिजे. तो रडवेला झाला. म्हणाला, "भाऊ, माहं काई नाही. मी बी त्याले मिलिंदच म्हनाले लागलो होतो. पन राशनकार्डावर हे हाय, शाळेत हे हाय. पाहुने इचारतीन, मिलिंद कोन? तुमच्या घरात तं मिलिंद नोयता. मी काय सांगू त्यायले?"

आणि मग माझ्या शहाणपणाला वाट मिळाली. मी म्हणालो, नाव मिलिंदच टाकू आणि खाली कंसात एक शब्द टाकू. ज्याला कळायचं त्याला कळेल. मी त्याला अर्थ समजावून सांगितला, अगदी सरांसारखा, पार म्हणजे पलीकडे वगैरे. तो ऐकत होता. मग त्यानं एकच विचारलं, "सरकारी शब्द हाय नं?" मी म्हणालो, हो, शासनाचा आहे. त्याचा चेहरा मोकळा झाला. "मंग टाका. सरकारी हाय तं कोनी नाव नाही ठेवनार."

मी तो शब्द लाल रंगात घेतला. चांगला ठळक. आमच्या धंद्यात गेलेल्या माणसाच्या नावाला काहीतरी लावायची सवयच असते, कुणाला समाजभूषण, कुणाला माजी सरपंच. मला वाटलं, मी मिलिंदला पदवी देतोय. त्याला जे जमलं नाही ते मी करून दाखवतोय, असंसुद्धा वाटलं. खोटं कशाला बोलू? एकच फाइल बनवली, दोन कॉप्या काढल्या. शेलूबाजारची प्रत मी स्वतः नेऊन फाट्यावर बांधली.

तिसऱ्या दिवशी गजू आला. गजू काळी-पिवळी चालवतो, फाट्यावर मिलिंदचा सकाळचा चहा त्याच्यासोबत व्हायचा. तो खुर्चीवर बसला नाही, उभाच राहिला. म्हणाला, "शेठ, त्या बोर्डावरचा शब्द पोरायनं मोबाइलमधी पाह्यला. पेंटर बाई होता काय?"

"पेंटर पेंटर होता," मी म्हणालो.

"सरळ सांगा नं."

मी मशीनमध्ये कागद भरायला लागलो. तो म्हणाला, "एका गिलासात चा पेलो आमी. माह्या घरी जेवले आला तो. माही बायको आता इचारून राह्यली, तुमाले मालूम होतं काय? लोकं फाट्यावर काय काय बोलून राह्यले. शुगर होती म्हने! शुगर!" त्याला हसायचं होतं बहुतेक, जमलं नाही. तो रागावला होता की त्याला वाईट वाटलं होतं, हे मला ओळखता आलं नाही. त्यालाही आलं नसावं.

तो गेला तेव्हा मी दारात उभा होतो. त्याची जीप वळली. मागे उजव्या कोपऱ्यात मिलिंदची सही होती, ती थिनरनं पुसलेली होती. नवीनच पुसलेली असणार, तिथला पत्रा जास्त चमकत होता. नंतरच्या दिवसांत मी आणखी चार-पाच गाड्यांवर तसं पाहिलं. सगळ्यांनी पुसली असं नाही. काहींनी ठेवली. पण फाट्यावर "पेंटर" म्हटलं की आता आवाज खाली येतो, हे मी स्वतः ऐकलं आहे.

सत्तावीस वर्षं त्यानं जे सांभाळलं ते मी दहा फूट बाय सहा फुटात छापून चौकात टांगलं. हे वाक्य मी मनात कितीदा म्हणून पाहिलं. म्हणून झाल्यावर काही होत नाही. मी पुढच्या कामाला लागतो.

पुण्यानुमोदन झाल्यावर चार-पाच दिवसांनी माय मिलिंदची खोली रिकामी करायला शेलूबाजारला आली. सिद्धार्थनं मला फोन केला, मी गेलो. सामान फारसं नव्हतंच. ब्रश, डबे, दोन पँटी. ते जीपमध्ये टाकायला आम्ही फाट्यावर आलो तेव्हा तिला बॅनर दिसलं. फोटो तिनं ओळखला. रिठदला तिनं ते पाहिलं नव्हतं, दुःखात कोण बॅनर पाहतं. तिला वाचता येत नाही.

"परकास, काय लिहिलं बाबू? वाचून दाखव."

मी वाचलं. "कालकथित मिलिंद." पुढे आडनाव वाचलं. खाली तारीख, स्थळ, शोकाकुल परिवार.

ती बॅनरकडे पाहतच होती. "अन् ते लाल?"

मी हातातला डबा खाली ठेवला.

"ते लाल तू वाचलं नाही."

मग वाचावंच लागलं. मी शब्द वाचला. अर्थ सांगायला तोंड उघडलं तर तिनं हात वर केला.

"मले मालूम हाय त्याचा अर्थ," ती म्हणाली. "त्यानं सांगतला होता. लय खूश होता त्या दिवशी. म्हने, माय, माह्यावानी लोकायसाठी एक शब्द निंगाला. म्या म्हटलं, बरं झालं बापा, मंग सांग साऱ्यायले. तं म्हने, नाही माय. बाहीर मी मिलिंदच बरा. हा शब्द आपल्या घरापुरता. मी म्हटलं, घरापुरता म्हंजे कोनाले मालूम हाय? तं म्हने, तुले हाय, अन् परकासले हाय."

ती माझ्याकडे पाहत होती. रागानं पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"म्या इचारलं, परकास घरचा हाय काय रे? तं म्हने, मंग काय. तोच तं हाय."

समोर गजूची जीप प्रवासी भरत उभी होती. माय मिलिंदच्या रंगाच्या डब्यांजवळ जाऊन बसली. मी चहावाल्याकडे शिडी मागायला गेलो.